पिनेवरचे चिवट किटण: वाद कुठवर आला आहे?

रेकॉर्ड ऐकणारी चार माणसे जमली की दोन वाद हमखास रंगतात. ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा चांगला की ट्रान्झिस्टरचा, हा पहिला. पिन कशाने पुसायची, हा दुसरा. पहिल्या वादामागे निदान मोठ्या खरेदीचे निमित्त असते. दुसरा वाद डोळ्यांना धड न दिसणाऱ्या हिऱ्याच्या टोकावरून चालतो, तरी तोच जास्त चिघळतो, कारण इथे हात चुकला तर नुकसान तिथल्या तिथे होते. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजची पिन तुटली तर ती घरी बदलता येत नाही. अख्खे कार्ट्रिज दुरुस्तीला धाडावे लागते, नाहीतर त्याच्या नावाने पाणी सोडावे लागते.

वरवरची धूळ मऊ ब्रशने जाते, त्याबद्दल कुणाचे दुमत नाही. मतभेद आहेत ते ब्रशला दाद न देणाऱ्या किटणाबद्दल. त्या मतभेदांचा हा आढावा आहे.

जेव्हा हा प्रश्नच नव्हता

१९०२ साली फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तिथून पुढे जवळजवळ अर्धशतक आपल्याकडे पिन स्वच्छ करण्याचा प्रश्न कुणाला पडायचे कारण नव्हते. पिन पोलादाची असे, डबीत दोनशेच्या हिशेबाने मिळे आणि एक बाजू वाजली की टाकून द्यायची असे. डबीवर तशी सूचनाही छापलेली असे. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळत. पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचे टोक तिच्यावर घासून खाचेच्या मापाचे होई. काटकसरी घरांत एकच पिन चार-चार बाजूंना चाले, पण त्याचा भुर्दंड रेकॉर्डला बसे.

१९४८ साली कोलंबियाने विनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली आणि सगळे गणित बदलले. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डसाठी पिनेच्या टोकाची त्रिज्या ७० मायक्रॉनच्या आसपास असे. एलपीसाठी ती २५ मायक्रॉनवर आली, स्टिरिओ आल्यावर १८वर. पुढे लंबगोल पिना आल्या, त्यांची अरुंद बाजू ८ मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. टोक असे बारीक होत गेले आणि त्याच काळात पिन ‘कायमची’ झाली, म्हणजे आधी नीलमण्याची आणि मग हिऱ्याची. एका बाजूपुरती असलेली पिन आता शेकडो तास चालवायची होती. कंपन्या आकारानुसार साधारण ३०० ते १००० तासांचे आयुष्य सांगतात. एवढ्या काळात तिच्यावर काहीतरी साचणारच.

या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष लवकर गेले. हॅरॉल्ड वायलर यांचे रेकॉर्ड आणि पिनेच्या झिजेवरचे इंग्रजी पुस्तक १९५४चे आहे. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स यांनी त्याच दशकात ‘डस्ट बग’ नावाची चिमुकली दांडी काढली. रेकॉर्ड वाजत असताना ती पिनेच्या पुढे चालून धूळ टिपत जाई. १९७८ साली शुअर कंपनीने आपल्या व्ही-१५ मालिकेतल्या चौथ्या कार्ट्रिजला पुढच्या बाजूने कार्बन तंतूंचा ब्रशच जोडून दिला. या सगळ्यांचा विचार एकच होता: पिनेपर्यंत घाण पोचूच द्यायची नाही. पोचलेली आणि घट्ट बसलेली घाण काढायची कशी, हा प्रश्न नंतर पुढे आला.

आपल्याकडे एचएमव्हीचे ‘फिएस्टा’ घरोघरी होते. असल्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि त्याचे वजन रेकॉर्डवर चांगले जाणवण्याइतके पडे. त्या दणकट पिनेवरून बोट फिरवले तरी तिला काही होत नसे. पिन अंगठ्याने पुसायची आणि स्पीकरमधून ‘खर्र’ आवाज आला की ती जिवंत आहे असे समजायचे, ही सवय बहुधा तिथूनच आली. दीड-दोन ग्रॅमवर चालणाऱ्या आजच्या कार्ट्रिजवर ही सवय महागात पडते.

किटण म्हणजे नेमके काय

एलपीची एक बाजू वाजते तेव्हा पिन साडेचारशे मीटरच्या आसपास अंतर कापते. वजन दोनच ग्रॅम असले तरी ते मायक्रॉनमध्ये मोजण्याच्या जागेवर एकवटते, त्यामुळे दाब दर चौरस सेंटिमीटरला टनांच्या हिशेबात जातो. वाटेत जे भेटेल ते ती खरवडते. त्यात घरातली धूळ असते, कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण आणि बोटांचा तेलकटपणा असतो. नव्या रेकॉर्डच्या साच्यातून आलेले अंश असतात आणि आधी कधीतरी फासलेल्या क्लीनिंग लिक्विडचा सुकलेला थरही असतो. मुंबई-कोकण-गोव्याकडे यात बुरशीची भर पडते. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला दमट वास यायला लागला की आतल्या रेकॉर्डवर पांढरट ठिपके सापडतातच. सिगरेटचा आणि उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ हेही थोडेफार हातभार लावतात. धुळीला चिकटायला तेलकट काहीतरी लागते, ते यातून मिळते.

यातून दोन वेगळ्या गोष्टी तयार होतात आणि वादातला निम्मा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. एक म्हणजे पुंजका. पिनेला लोंबणारा हा राखाडी गोळा नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि ब्रशने निघतो. दुसरे किटण. पिन दोनशेपट मोठी करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहण्यासारखे असते. हिऱ्याचे अगदी टोक बहुतेक वेळा लखलखीत असते, कारण ते सतत घासले जाते. घाण बसते ती टोकाच्या जरा वर, हिऱ्याच्या खांद्यांवर. तिथे तपकिरी-काळपट पपडीची कॉलर तयार होते. ती पातळ असते तोवर ऐकू काही येत नाही. जाड होऊन खाचेच्या भिंतींना टेकू लागली की पिन नीट बसेनाशी होते, आणि मग गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ फुटू लागतात. ब्रश मारून पिन स्वच्छ ‘दिसते’ आणि आवाज मात्र तसाच राहतो, त्याचे कारण ही कॉलर.

ती एवढी घट्ट का बसते, यावर दोन मते आहेत. घर्षणाने पिनेच्या टोकाशी क्षणभर बरीच उष्णता निर्माण होते आणि तिने घाण अक्षरशः भाजून निघते, हे पहिले आणि लोकप्रिय मत. दुसरे मत असे की उष्णता क्षणिक असते आणि हिरा ती झटकन वाहून नेतो. मुख्य काम दाब आणि चिकट पदार्थ करतात. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. रेकॉर्ड ओली ठेवून वाजवायची पद्धत एके काळी युरोपात होती. लेंकोक्लीनची नळी त्यासाठीच मिळे. ओल्या खाचेत पिन तापायला फारसा वाव नसतो, तरी अशा रेकॉर्ड नंतर कोरड्या वाजवल्या की पिनेवर भराभर गाळ चढतो, ही तक्रार जुनीच आहे. ती चिकटपणाकडे बोट दाखवते. अर्थात एवढ्याने पहिले मत खोटे ठरत नाही.

ख्याल ऐकणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम वीस सेंटिमीटर. विलंबित बाहेर असते, द्रुत आत. म्हणजे तानांचा पाऊस सुरू होतो तेव्हा खाचेचा वेग निम्म्याहून खाली आलेला असतो आणि पिनेने वीस मिनिटांची धूळ गोळा केलेली असते. द्रुत ‘किंचाळते’ म्हणून मुद्रणाला किंवा गवयाला बोल लावण्याआधी पिन पाहावी.

नाजूक काय आहे

‘हिऱ्याला काय होणार?’ हा युक्तिवाद या वादात वारंवार ऐकू येतो आणि तो निम्माच खरा आहे. हिरा टिकतो, पण तो ज्यावर बसवलेला असतो ते सगळे नाजूक असते. स्वस्त पिनांमध्ये हिऱ्याचा फक्त टवका धातूच्या बारीक दांडीवर चिकटवलेला असतो, महागड्यांमध्ये अख्खा हिरा थेट कँटिलिव्हरवर, म्हणजे पिन पेलणाऱ्या कांडीवर, बसवतात. दोन्हीकडे गोंद असतोच. कँटिलिव्हर ॲल्युमिनियमची असेल तर वाकते. बोरॉनची किंवा माणकाची असेल तर वाकत नाही, मोडते. तिच्या मागच्या टोकाला रबराचे इवलेसे कडे असते. पिनेची लवचीकता त्याच्यावर अवलंबून असते.

म्हणून साफ करण्याच्या दिशेवर आज जवळपास एकमत आहे. ब्रश कार्ट्रिजच्या मागून पुढे ओढायचा, आडवा नाही आणि उलटा तर मुळीच नाही. रेकॉर्ड फिरताना खाच पिनेखालून याच दिशेने धावते आणि कँटिलिव्हर हाच ताण सोसण्यासाठी बनवलेली असते. व्हॉल्यूम आधी बंद करायचा. कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक असतो, तेव्हा पोलादी चिमटा किंवा सुई जवळ नेली की ती आपोआप उडी मारते आणि मग जे व्हायचे ते होते. कानाच्या काडीचा कापूसही नको, त्याचे तंतू हिऱ्यात अडकतात.

पाच मार्ग

कोरडा ब्रश हा पहिला. दर बाजूला एकदा, असे नियमाने केले तर किटण धरण्याआधीच घाण जाते. त्याचे समर्थक म्हणतात की चिवट किटण हा रोग नाही, आळसाचा परिणाम आहे. बोलणे खरे आहे, पण चोर बाजारातून आणलेल्या जुन्या टर्नटेबलच्या पिनेवर वीस वर्षांचा थर असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा मार्ग द्रवाचा. ब्रशचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंवा तयार स्टायलस क्लीनरमध्ये जेमतेम ओले करायचे आणि मागून पुढे दोन-तीनदा फिरवायचे. तेलकट किटणावर याच्याइतके परिणामकारक दुसरे काही नाही, असे याचे पुरस्कर्ते सांगतात आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्या बाजूने साक्ष देतो. विरोधकांचा आक्षेप हिऱ्याबद्दल नाही. त्यांना भीती आहे ती द्रव कँटिलिव्हरवरून केशाकर्षणाने मागे चढून रबरापर्यंत पोचण्याची, किंवा गोंद हळूहळू सैल करण्याची. नीट कडक झालेला इपॉक्सी गोंद अल्कोहोलच्या क्षणिक स्पर्शाला दाद देत नाही. पण प्रत्येक कंपनीने कोणता गोंद वापरला आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नसते. या मुद्द्यावर कंपन्यांमध्येही एकवाक्यता नाही. डेन्मार्कची ऑर्टोफोन द्रावक वापरू नका असे बजावते. जपानची ऑडिओ-टेक्निका स्वतःच एटी-६०७ए नावाचे पिन साफ करायचे द्रव विकते, आणि लायरासारखी महागडी कार्ट्रिजे करणारी कंपनीही स्वतःचे द्रव देते. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत, तेव्हा ‘कंपनी सांगते’ एवढ्यावर हा वाद मिटत नाही. आपल्या कार्ट्रिजची कंपनी काय सांगते ते पाळावे, एवढेच म्हणता येते.

कोणते द्रव, यावर मात्र दुमत नसावे. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोबाइल दुरुस्तीवाले जे शुद्ध ‘आयपीए’ नेतात, ते चालते. औषधांच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये इतर घटक मिसळलेले असू शकतात आणि ते मागे थर सोडतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर घरात पिनेच्या आसपासही नको, त्यातले ॲसिटोन गोंद आणि प्लॅस्टिक दोन्हींवर उठते.

तिसरा मार्ग जेलचा. ऑन्झोचे झीरोडस्ट, ऑडिओ-टेक्निकाचे एटी-६१७ए, डीएस ऑडिओचे एसटी-५० ही त्यातली परिचित नावे. मऊ, चिकट गादीवर क्यूइंगच्या खटक्याने पिन सरळ खाली सोडायची आणि सरळ वर उचलायची. द्रव नाही, घासणे नाही, हात थरथरला तरी फारसे बिघडत नाही. म्हणूनच गेल्या काही वर्षांत नवशिक्यांना हाच मार्ग सुचवला जातो. आक्षेप दोन आहेत: जेल स्वतःचा सूक्ष्म अंश हिऱ्यावर ठेवते, आणि कमकुवत गोंदाच्या पिनेला वर उचलताना ओढ बसते. पहिल्या आक्षेपावर अनुभव एकसारखे नाहीत. जुने, धूळ खाल्लेले जेल पाण्याने न धुता वापरले की थर राहतो, हे बऱ्याच जणांनी पाहिले आहे. ताज्या जेलबाबत तशी तक्रार कमी ऐकू येते. आणि जेलची खरी मर्यादा निराळीच आहे. पुंजका ते झटकन उचलते, घट्ट बसलेल्या कॉलरसमोर मात्र पुष्कळदा हरते.

चौथा मार्ग मेलामाइन फोमचा, आणि सध्या सगळ्यात जास्त चर्चा याचीच आहे. भिंतीवरचे डाग घासायचा जो पांढरा ‘मॅजिक इरेझर’ मिळतो तोच हा. याच फोमची पत्रे स्टुडिओच्या भिंतींवर आवाज शोषायलाही लावतात, तेव्हा संगीताशी त्याचे नाते तसे जुने. हाताला तो मऊ लागतो, पण आत कडक रेझिनच्या बारीक काड्यांची जाळी असते आणि तीच कॉलर खरवडते. पद्धत अशी: कोरा, साबण किंवा रसायन नसलेला फोम घ्यायचा. ब्लेडने छोटासा तुकडा कापायचा, कापताना सुटलेला चुरा फुंकून नव्हे तर ठोकून काढायचा. तुकडा प्लॅटरवर पिनेखाली ठेवायचा, प्लॅटर हलणार नाही याची खात्री करायची आणि खटक्याने पिन आत बुडवून वर घ्यायची, पाच-सहा वेळा. तुकडा बाजूला सरकवायचा मोह टाळायचा. शेवटी कोरड्या ब्रशचा एक हात मारायचा, कारण फोमचे कण मागे राहतात.

हे सगळे नीट केले तर किटण निघते, यावर या मार्गाचे टीकाकारही फारसे वाद घालत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की रोज रोज हे केले तर जाळी हिऱ्याला नाही तरी गोंदाच्या टिपक्याला खात राहील, आणि जाळीत अडकलेली पिन उचलताना तिला बाजूचा हिसका बसू शकतो. म्हणून मध्यममार्गी लोक फोम महिन्या-दोन महिन्यांनी, किटण दिसले तरच वापरतात. मला ही भूमिका पटते.

पाचवा मार्ग खरकागदाचा. स्कॉटलंडची लिन कंपनी आपल्या कार्ट्रिजबरोबर अतिशय बारीक हिरव्या कागदाची पट्टी देत असे, आणि जुन्या पिढीतले अनेक जण आजही तिच्यावर विसंबतात. हिऱ्याचे अशाने काही बिघडत नाही, पण धातूच्या दांडीवर चिकटवलेल्या टवक्याचे बिघडू शकते. शिबाटा किंवा मायक्रोलाइनसारख्या घडणीच्या पिनांना कागद लावायला आज फार थोडे तयार होतात. फोम आल्यापासून हा मार्ग मागेच पडला आहे. विजेवर थरथरणारे क्लीनरही मधूनमधून निघतात. ते द्रवाच्या थेंबाबरोबर वापरायचे असतात, त्यामुळे द्रवाबद्दलचे सगळे आक्षेप त्यांनाही लागू पडतात.

लाखेची अडचण

या चर्चेत एक गोष्ट सहसा सुटून जाते, कारण चर्चा करणारे बहुतेक जण फक्त विनाइल वाजवतात. आपल्याकडे मात्र बालगंधर्वांपासून हिराबाईंपर्यंतचा ठेवा ७८च्या रेकॉर्डमध्ये आहे आणि तो मूळ रूपात ऐकणारे आजही आहेत. या रेकॉर्ड लाखेच्या. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश बनवतो, हे अनेकांनी घरी पाहिले असेल. म्हणजे जे अल्कोहोल पिनेवरचे किटण विरघळवते तेच रेकॉर्डही विरघळवते. ७८ वाजवणाऱ्याने पिन अल्कोहोलने पुसली तर ती पूर्ण सुकेपर्यंत, दोन-चार मिनिटे तरी, रेकॉर्डला लावू नये. आणि लाखेची रेकॉर्ड स्वतः अल्कोहोलने कधीच पुसू नये.

दुसरी बाब भरावाच्या पुडीची. ७८ची खाच पिनेला घासते, त्यामुळे हिऱ्यावर पुंजक्याऐवजी राखाडी भुकटी बसते. ती कोरडी असते, ब्रशने निघते. म्हणजे ७८वाल्यांना द्रवाची गरज कमी आणि धोका जास्त.

काय सुटले, काय नाही

पुंजका आणि किटण वेगळे धरले तर वादाचा मोठा भाग विरून जातो. रोजच्या धुळीला ब्रश किंवा जेल, घट्ट कॉलरला क्वचित फोम किंवा जपून लावलेले द्रव, असा एक अलिखित समझोता जाणकारांत दिसतो. आधी सूक्ष्मदर्शकाने पाहावे, मग हात लावावा, हेही आता बहुतेकांना पटले आहे. यूएसबीचे स्वस्त सूक्ष्मदर्शक आल्यापासून ‘मला फरक ऐकू येतो’ या दाव्याला निदान चित्राची जोड मिळू लागली.

पण दीर्घकाळाचा प्रश्न उरतोच: दर आठवड्याला लावलेल्या अल्कोहोलने रबराचे कडे लवकर म्हातारे होते का? दोन्ही बाजूंचे पुरावे बहुतांशी वैयक्तिक अनुभवाचे आहेत आणि अशा अनुभवात एक मोठी गफलत असते. रबर काही न करताही कडक होत जाते, आणि उकाड्यात, दमट हवेत पिनेला आणखी त्रास होतो. पंधरा वर्षे मुंबईत काढलेली पिन ताठ झाली की द्रववाला हवेला दोष देतो, द्रवाचा विरोधक द्रवाला. दोघांपैकी कुणाचे खरे, ते त्या एका पिनेवरून सांगता येत नाही. त्यासाठी एकाच घडणीच्या दोन पिना, त्याच रेकॉर्ड, तेच वजन, तीच खोली आणि साफ करण्याची पद्धत तेवढी वेगळी, असे पाचशे तास चालवावे लागेल. रोज दोन तास धरले तरी आठ महिन्यांहून जास्त. आणि दोन्ही पिना एकाच खेपेत आलेल्या असाव्या लागतील, म्हणजे रबराचे वय तरी सारखे राहील.